तांब्याभर पाणी

शशिकांतरावांनी कॅनडात, विनिपेगमध्ये तीस वर्षं पूल बांधले, पण घरातल्या कुंडीला कधी हात लावला नाही. तो प्रांत त्यांच्या बायकोचा, शुभदाताईंचा. कुंडीत होतं बे लॉरेल, म्हणजे आपल्या तमालपत्राचं परदेशी भावंड. ते झाड वीतभर असताना शुभदाताईंनी आणलं. उन्हाळ्यात डेकवर, थंडीत दक्षिणेच्या खिडकीत, असं एकोणीस वर्षं सांभाळून खांद्याएवढं केलं. मसालेभाताला पान हवं असलं तरी झाडाची माफी मागितल्यासारखं हळूच खुडायच्या.

२०१७च्या नोव्हेंबरात त्यांना स्ट्रोक आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. नर्सिंग होममध्ये ठेवण्यावाचून इलाज नव्हता. रिकाम्या घरात शशिकांतरावांनी मनाशी एक वेडी गाठ बांधली: झाड जगलं तर शुभदा बोलेल, घरी येईल. एवढा शिकलेला माणूस, पण जीव टांगणीला लागला की शिक्षण कुठे जातं कोण जाणे.

मग स्वतःला येत होतं तेच त्यांनी केलं. लहानपणी घरी अंघोळ झाली की तुळशीला तांब्याभर पाणी घालायचे. इथेही तेच, रोज, न चुकता. जानेवारीत पानं पिवळी पडून गळू लागली, तशी त्यांनी संध्याकाळचाही तांब्या सुरू केला.

"बाबा, यू आर ओव्हरवॉटरिंग इट! आई दहा दिवसांतून एकदा घालायची," बर्नाबीहून मुलगी गौरांगी फोनवर म्हणाली.

"डोळ्यांदेखत सुकतंय ते, आणि तू पाणी नको म्हणतेस?" ते खेकसले आणि फोन ठेवून दिला.

नर्सिंग होममध्येही तोच खाक्या. दोन चमच्यांनंतर शुभदाताई तोंड फिरवायच्या. शशिकांतराव मऊ भाताचा चमचा त्यांच्या ओठांशी धरून बसायचे. "एकच घास गं. माझ्यासाठी." त्या कशाबशा गिळायच्या, डोळ्यांत पाणी यायचं. ते पाणी पुसून हे पुढचा चमचा भरायचे.

फेब्रुवारीत झाडावर सात-आठ पानं उरली. शशिकांतराव पार हवालदिल झाले. बाहेर उणे अठ्ठावीस. एका सकाळी त्यांनी झाड ब्लँकेटात गुंडाळलं, गाडी आधी तापवून घेतली आणि कुंडी थेट शुभदाताईंच्या पलंगाशी नेऊन ठेवली.

"मरतंय गं ते. काय करू, सांग ना!" म्हणता म्हणता सवयीनं त्यांनी बाटलीतलं पाणी कुंडीत ओतायला घेतलं.

शुभदाताईंनी डावा हात मातीत खुपसला. बोटांना काळा चिखल लागला, कुजका वास खोलीभर पसरला. मग तोच हात त्यांनी मातीवर आडवा धरला. ओठ थरथरले.

"पुरे."

तीन महिन्यांतला पहिला शब्द! शशिकांतराव रडत-हसत कॉरिडॉरमध्ये धावले. "शी स्पोक! शी स्पोक!" म्हणत नर्सला हात धरून घेऊन आले. गौरांगीला फोन करतानाही त्यांना धड बोलता येईना.

दुपारी त्यांनी मोठ्या उत्साहात डबा उघडला आणि चमचा नेहमीपेक्षा जरा जास्तच भरला. शुभदाताईंनी डावा हात वाटीवर आडवा धरला, अगदी सकाळसारखाच. नखांत अजून काळी माती होती. त्यांनी नवऱ्याकडे सरळ बघितलं.

"पुरे."

शशिकांतरावांनी चमचा खाली ठेवला. आता भरवायचं नाही, एवढं त्यांना कळलं. पण न भरवता तिच्याजवळ नुसतं कसं बसायचं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.