हायवेवर माझी म्हातारी गाडी गप्प झाली

मंडळी, आजची गंमत ऐका.

आमची जुनी गाडी हायवेवर साठच्या पुढे गेली की इंजिन किंचाळायचं. बायकोने बजावलं होतं, "हा आवाज गेला नाही तर मी परत या गाडीत बसणार नाही." म्हणून साकीनाक्याच्या मिस्त्रीकडून मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरची जोडी बदलून घेतली. म्हणजे वेग तोच, पण इंजिनाला फेरे कमी.

आज दोघं घाटकोपरहून मुलुंडला निघालो. मला धास्ती, फेरे कमी म्हणजे जोरही कमी, चढावर ओढेल ना? तापली तर? हायवेवरचा पूल चढताना जरा रेंगाळली, पण चढली. खाली उतरून टॉप गिअर टाकला, तर इंजिनाचा आवाजच येईना. मला वाटलं, वाट लागली, बंद पडली! घाबरून इंडिकेटर दिला आणि गाडी कडेला घ्यायला लागलो.

"अहो, कुठे चाललात? चालू आहे ना गाडी!" ही ओरडली आणि स्वतःच्याच आवाजाने दचकली. इतकी वर्षं या गाडीत आम्ही ओरडूनच बोलत आलो.

मी हळूच विचारलं, "आता बसशील ना गं?"

"बसेन. पण आता तुमची किरकिर स्पष्ट ऐकू येते, तिचं काय?"

माझ्या किरकिरीसाठी कोणी मिस्त्री आहे का हो तुमच्या ओळखीत?