किड कोब्राचे सुतक

लोटन दर सोमवारी सकाळी जळगावच्या एका जिनिंग कारखान्यात जाई आणि कापसाच्या काट्यावर स्वतःला तोलून घेई. अंगावर फक्त लंगोट आणि श्वास रोखलेला. एकशे सव्वीस पौंड, म्हणजे मुष्टियुद्धातील 'फेदरवेट' या गटाची कमाल मर्यादा. काटा त्याच्या पुढे गेलाच, तर तो बाजूला जाऊन अर्धा तास दोरीवर उड्या मारी आणि पुन्हा येऊन उभा राही. सरकी काढलेल्या कापसासारखा हलका म्हणून तोलार त्याची थट्टा करी, "तुन्हामाईन सरकी कोनी काढी रे, पैलवान?" यावर लोटन हसे, पण न चुकता दुरुस्तीही करी, "मी पैलवान नही, भाऊ. मी बॉक्सर शे."

तो एरंडोलचा. भुसावळला रेल्वेच्या लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे इंजिनांवरचा मजूर, म्हणून लागला. तेथील गोऱ्या ड्रायव्हरांना सरावाच्या वेळी ठोसे खाण्यासाठी कोणीतरी हवे असे, म्हणून त्यांनी याला हातमोजे चढवून समोर उभे केले. वर्षभर त्याने खाल्ले. दुसऱ्या वर्षी ते याच्याशी सराव करण्याचे टाळू लागले. मी त्या काळी जळगावच्या कोर्टात एका वकिलांचा कारकून होतो. तो माझ्या बिऱ्हाडाच्या मागील खोलीत भाड्याने राही, भुसावळला आगगाडीने ये-जा करी व मला भाऊ म्हणे. मला भाऊ म्हणणारे पुष्कळ झाले. त्यांतील कोणाचे मी एवढे नुकसान केलेले नाही.

खाण्याच्या बाबतीत त्याचा निग्रह पाहवत नसे. थंडीत जळगावजवळच्या असोद्याच्या मळ्यात भरताची पंगत बसे. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात, केळीच्या पानावर भरीत पडे, आणि आम्ही तिसऱ्यांदा मागत असू तेव्हा हा ज्वारी-उडदाच्या कळण्याची चतकोर भाकरी चघळीत जाळाजवळ बसलेला असे. मी एकदा रागावून म्हणालो, "अरे, मग येतोस कशाला?" तो म्हणाला, "वासले वजन नही ऱ्हास, भाऊ."

रिंगणाबाहेर त्याने कधी कोणावर हात उचलला नाही. जळगाव स्टेशनात एका धिप्पाड मुकादमाने वाट दिली नाही म्हणून त्याच्या थोबाडीत मारली. मी तेथेच होतो. कोणत्या कलमाखाली फिर्याद होईल, साक्षीदार कोण, हे सारे मी फलाटावरच ठरवून टाकले. लोटनने टोपी उचलली, झटकली आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. तो मन्हा वजनमा बसत नही." मी आठ दिवस धुमसत होतो. ज्याला लागले होते, तो त्याच दिवशी विसरला.

मग मुंबईची एक कंपनी आली. गावोगाव तंबू ठोकून, मोठ्या शहरांत थिएटरे भाड्याने घेऊन ती मुष्टियुद्धाचे सामने लावी. तिच्या मॅनेजरने लोटनला भुसावळला पाहिले आणि करारनामा पुढे केला. लोटन तो घेऊन माझ्याकडे आला. मी दोन दिवस त्याचा शब्दन्‌शब्द वाचला. आजारपणात डॉक्टर कंपनीने द्यावा, आठवड्यात दोनाहून अधिक सामने लावू नयेत, वजन दोन्ही बाजूंसमक्ष व्हावे, अशा तीन दुरुस्त्या मी भांडून करून घेतल्या. मॅनेजर घामाघूम झाला आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटला. सही करताना लोटनने कागदावर बोट ठेवले, "हे अकरावं काय शे, भाऊ?"

अकराव्या कलमात असे होते, की सामन्यांसाठी कंपनी जे नाव देईल ते व त्या नावावरील सर्व कीर्ती ही कंपनीची मालमत्ता राहील.

"काही नाही," मी म्हणालो. "तुझं खेळातलं नाव. तमाशातल्या सोंगाला असतं तसं. सही कर."

त्याने सही केली. कंपनीने त्याचे नाव 'किड कोब्रा' असे ठेवले.

पुढील सहा वर्षे किड कोब्रा पुण्यात जिंकला, नागपुरात जिंकला, कलकत्त्याला आणि कोलंबोला जिंकला. जाहिराती येत, त्यांवर लोटनचा फोटो, मुठी हनुवटीशी, आणि खाली हरलेल्या प्रतिस्पर्ध्यांची यादी. त्याची माय निरक्षर होती. ती फोटोवरून हात फिरवी आणि विचारी, "आठे लोटन कोठे लिखेल शे?" कोठेच लिहिलेले नव्हते. ते माझ्या तेव्हाही ध्यानात आले नाही. ज्याला स्वल्पविरामाची चूक खुपते, त्याला हे खुपले नाही.

सातव्या वर्षी त्याच्या उजव्या पंजाचे हाड मोडले. डॉक्टरने चार महिने विश्रांती सांगितली. कंपनीने त्याला मोकळे केले आणि तो हात गळ्यात बांधून जळगावला परतला. तो माझ्या ओट्यावर बसलेला असतानाच एक जाहिरात हाती आली : येत्या रविवारी धुळ्याला किड कोब्रा लढणार. यादी तीच. कोलंबोसुद्धा.

आम्ही धुळ्याला गेलो. पांझरेच्या काठी तंबू होता. रिंगणात उतरलेला 'किड कोब्रा' लोटनच्याच अंगलटीचा, पण पाच-सात वर्षांनी लहान होता. मी गर्दीतून वाट काढीत मॅनेजरला गाठले व ही उघड फसवणूक आहे, असे सर्वांदेखत ओरडून सांगितले. तो मुळीच चिडला नाही. "कारकूनसाहेब, अकरावं कलम पाहा ना," तो म्हणाला. "तुम्हीच तर वाचून दिलं होतं."

मी मागे वळलो तेव्हा लोटन माझ्याकडेही पाहत नव्हता, मॅनेजरकडेही नाही. तो रिंगणाकडे पाहत होता. "डावा हात खाले सोडस तो," एवढेच तो बोलला. "कोन्ही सांगं नही त्याले."

त्यानंतर मी पत्रे लिहिली. कंपनीला, कलेक्टरांना, पोलीस कमिशनरांना, वर्तमानपत्रांना. त्या इसमाचा उल्लेख मी सर्वत्र 'तोतया' असा केला. कंपनीने एकच उत्तर धाडले : आपले अशील किड कोब्रा होते याचा लेखी पुरावा सादर करावा. पुरावा म्हणून करारनामा होता, आणि करारनाम्यात अकरावे कलम होते. हात बरा झाल्यावर लोटनने स्वतःच्या नावाने दुसऱ्या कंपन्यांचे दरवाजे ठोठावले. ते विचारीत, आजवर किती सामने जिंकलात? लोटनच्या नावावर एकही नव्हता. तिशीच्या उंबरठ्यावर त्याला पोरांसोबत पहिल्यापासून उभे राहण्यास सांगण्यात आले. तो जिनिंगमध्ये गठाणी उचलू लागला. भाकरी आता पोटभर खाई, आणि ते मला त्या चतकोरापेक्षाही पाहवत नसे.

एके दुपारी तो माझ्यापाशी आला. "भाऊ, एक पत्र लिखा. किड कोब्राले."

"त्या चोराला?"

"तो चोर नही. त्यानी बी कोठे तरी सहीच करी व्हई." आणि त्याने मजकूर सांगितला : डावा हात गालाला लावून ठेव. दमलास की तो तुझ्या नकळत खाली येतो. कलकत्त्याचे गडी त्याचीच वाट पाहतात. पाणी तोडून वजन उतरवू नकोस. तसे उतरवलेस तर त्या दिवशी लढू नकोस. खाली सही, लोटन.

मी ते पत्र लिहिले, पाकिटात घातले, त्याच्यासमोर वर पत्ता घातला : किड कोब्रा, मार्फत कंपनी. तो गेल्यावर मात्र माझ्यातला कायदा जागा झाला. लोटनने स्वतःच्या सहीने दुसऱ्याला किड कोब्रा म्हणून संबोधले, ही तर कबुली! उद्या दावा लावू तेव्हा विरुद्ध पक्ष हाच कागद पुढे करील. मी ते पाकीट टपालात टाकले नाही. कपाटात ठेवले आणि त्याला सांगितले, की टाकले.

दोन महिन्यांनी बातमी छापून आली. किड कोब्रा कलकत्त्याला आठव्या फेरीत डाव्या गालावर बसलेल्या उजव्या ठोशाने खाली पडला आणि शुद्धीवर न येता इस्पितळात वारला. शेजारी जुन्याच ठशावरून छापलेला लोटनचा फोटो होता. एरंडोलास लोटनच्या घरी माणसे भेटावयास आली. तो तेथेच होता. माय प्रत्येकाला ओरडून सांगत होती, "मन्हा पोऱ्या जित्ता शे रे! चुल्हापुढे बशीसन भाकर खाई ऱ्हायना!" पण लोटन भाकरी खात नव्हता. मी पोहोचलो, तर त्याने मला बाजूला घेऊन विचारले, "पत्र पोचनं व्हतं ना, भाऊ?"

"पोचलं होतं," मी म्हणालो.

"मंग त्यानी आयकं नही," तो म्हणाला.

ही खोटी साक्ष मी त्याच्या हयातीत कधीही दुरुस्त केली नाही. लोटन आता नाही. छातीच्या विकाराने दोन पावसाळ्यांत गेला. म्हणून आज लिहितो आहे. ज्यांनी त्याला पाहिले आहे त्यांनी मला काय म्हणायचे ते म्हणावे. मी बचावाचे निवेदन देणार नाही.

कलकत्त्याची ती बातमी आल्यावर त्याने त्या अनोळखी माणसाचे दहा दिवस सुतक पाळले. माय संतापली, गावाने वेड्यात काढले. दहाव्या दिवशी तो गिरणेच्या काठी गेला; मी सोबत होतो. त्याने मुंडण केले आणि तो ओल्या पंचाने पिंडापुढे बसला. भटजींनी विचारले, "मयताचं नाव?"

लोटनने माझ्याकडे पाहिले. पत्रे लिहिणारा मी. मला ठाऊक असेल असे त्याला वाटले असावे. एवढ्या पत्रांमध्ये मी त्या मुलाचे खरे नाव काय, हे एकदाही कोणाला विचारले नव्हते.

भटजींनी पुन्हा विचारले.

"लोटन," तो म्हणाला. "लोटन म्हना."

भटजींनी पाणी सोडले. मी हरकत घेतली नाही.