‘इज’ नको

त्या दुष्काळात जनावरं चारा छावणीत गेली आणि नेकनूरजवळच्या आमच्या गावातली दूध संस्था बंद पडली. मी तिथल्या शाळेत शिक्षिका होते. संस्थेच्या चेअरमननी रिकामी खोली मला इंग्रजीच्या वर्गासाठी दिली. उपड्या घातलेल्या कॅनना अजून आंबूस वास होता.

वर्गात माझ्याहून मोठी एक ताई यायची. संस्थेत ती दुधाची फॅट तपासायची. ते काम गेलं होतं. आता बीडच्या एका दवाखान्यात तिची मुलाखत होती. थोडं इंग्रजी लागेल, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

सगळ्यांसारखीच तीही ‘आय डिड नॉट वेन्ट’ म्हणायची. ‘डिड’ आलं की ‘वेन्ट’चं ‘गो’ होतं, हे मी पुन्हा पुन्हा सांगायचे. एकदा सराव म्हणून मी विचारलं, “ताई, तुम्ही शाळा का सोडली?”

“आय डिड नॉट गो टू स्कूल,” ती सावकाश म्हणाली. वाक्य बरोबर होतं.

“छान. आता पुढं कारण सांगा.”

ती मराठीतच बोलू लागली. “असाच दुष्काळ होता, मॅडम. मायबाप ऊसतोडीला गेलते. धाकटी मह्यापाशी होती. मी हिरीवर पाणी आणाया गेले, ती मागून आली, काठावरनं वाकली. मला कळलंच न्हाई.”

तिनं पुढ्यातली वही मिटली.

“मग शाळंत जावंच वाटंना,” ती म्हणाली. “हे इंग्रजीत कसं सांगायचं?”

“सांगायलाच हवं असं नाही, ताई.”

“इचारलं तर?” आणि तिनं स्वतःच वाक्य जुळवलं, “माय सिस्टर इज डाइड.”

ही चूक मी कितीतरी तोंडांतून ऐकली होती, सहज दुरुस्त केली होती. त्या दिवशी जीभ उचलेना. पण ती माझ्याकडे बघत थांबली होती. तिला दया नको होती, वाक्य हवं होतं.

“‘इज’ नको,” मी म्हणाले. “माय सिस्टर डाइड.”

तिनं ते दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा वाक्य पुरं केलं.

मुलाखतीत नाव, गाव आणि आधीचं काम एवढंच विचारलं. तिला नोकरी लागली. पुढं बीडला खोली करून तिनं आईला जवळ नेलं. त्या वर्षापासून म्हातारी ऊसतोडीला गेली नाही.