कडबा कुट्टीच्या साथीनं नऊ गाणी

अन्याय फिटरआबांवर झाला. बारामतीत, ते शिकत होते त्या आयटीआयच्या स्नेहसंमेलनात, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, दुसऱ्या गाण्याच्या मधोमध. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांचं डोकं दुखलं म्हणून कुणीतरी स्पीकरची वायर उपटली. आबा ज्यात गायचे तो ‘मळी’ नावाचा आपल्या भागातला हेवी मेटल बँड तिथंच मोडला. माफी कुणीही मागितली नाही. आजतागायत नाही.

आबा मात्र हे सांगताना हसायचे. “आगं, पावणं बिचारं भावगीत ऐकाय आलं हुतं. त्येंच्यावर बी अन्यावच झाला की!” मला त्या हसण्याचाच राग यायचा.

बावड्यात आबा आमचे शेजारी. साखर कारखान्यात फिटर. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून सांगायचं, “चार दिस चालंल. पाचव्या दिशी बसंल.” ते बसायचंच. माणसांनाही ते असंच ऐकायचे. गावाची एसटीची फेरी बंद केली म्हणून मी लिहिलेलं पहिलं निषेधाचं पत्रक त्यांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, “पोरी, लई गुळगुळीत झालंय. खरखर कुठं हाय ह्यात? कुणाची गाडी चुकली, त्येचं नाव घे पैलं.” तेव्हापासून मी नाव घेते.

बँड मोडला, गाणं थांबलं नाही. गळीत हंगामात मिल सुरू असली की शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही कळत नाही. त्या गदारोळात हातात पाना घेऊन आबा पोटातून गुरगुरत, पूर्ण ताकदीनं गायचे. वर्षानुवर्षं. पत्ता कुणालाच नाही. साहेबांना वाटायचं, फिटर जांभया देतोय.

ते निवृत्त झाले आणि भिगवणहून रावसाहेब आले. हे मळीचे ड्रमर, आता मासळीचं हॉटेल चालवतात. सोबत कळंबचे मास्तर, म्हणजे गिटार. तिघांनी ठरवलं, अल्बम करायचा. बारामतीच्या स्टुडिओत मीही गेले. काचेची खोली, भिंतीला फोम, चिडीचूप. आबांनी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. दुसऱ्या दिवशीही नाही. शांततेत गायची सवयच गेली होती. रेकॉर्डिंगवाला तरुण हळूच म्हणाला, “काका, एखादा नवा गायक बघू का?”

मास्तर खाली बघायला लागले. रावसाहेबांनी डिवचलं, “आबा, गळा कारखान्यात जमा करून आलास व्हय रं?”

“गळा हाय. पर हितं त्येच्याशी भांडाय कोणच न्हाय!”

मला एकदम उमगलं. म्हटलं, सामान उचला, बावड्याला चला.

आबांच्या गोठ्यात कडबा कुट्टीचं मशीन आहे, जनावरांची वैरण बारीक करायचं. ते सुरू केलं. कानठळ्या बसल्या. आबांनी मूठ आवळली आणि असा काही आवाज काढला, की बसलेल्या दोन्ही म्हशी उठून उभ्या राहिल्या. मास्तर वाजवायचं विसरून बघतच राहिले.

“मशीनचा आवाज नंतर साफ करतो,” रेकॉर्डिंगवाला म्हणाला.

आबांनी त्याला अडवलं, “तेवढं करू नगंस, बाबा. आमी आता तिघं न्हाय, चौघं हाय.”

आठवड्याभरात नऊ गाणी झाली. दोन गाण्यांच्या मधे रावसाहेबांनी हॉटेलातून आणलेली तळलेली चिलापी मासळी. गोठ्यात एवढी माणसं एवढी हसलेली मी कधी पाहिली नव्हती.

अल्बम आला, आणि आबांच्या घशाला डॉक्टरांनी कुलूप लावलं. आता ओरडायचं नाही, कायमचं. मी डॉक्टरांवर चिडले, स्वतःवर चिडले. आबा कुजबुजत म्हणाले, “चिडतीस कशाला? वापरून झिजलाय पोरी. गंजून न्हाय.”

मला एवढं शहाणपण नाही. मला अजून राग येतो, कारण अल्बम कुणी वाजवत नाही. म्हणून हे वाचणाऱ्या ट्रॅक्टरवाल्या भावांनो, तुम्हाला सांगते. ऊस वाहताना तुमचे स्पीकर पार पलीकडच्या शिवारापर्यंत ऐकू जातात आणि रोज तीच चार गाणी लागतात. या हंगामात ‘मळी’ लावा. नऊच्या नऊ गाणी लावा. बावड्यात आबा दारातच बसलेले असतात. तिथं आवाज वाढवा, आणि सुरू असलेलं गाणं संपेपर्यंत ट्रॅक्टर पुढं काढू नका.