ग्रुपवरचे सर

ग्रुपवर मला सगळे सर म्हणायचे. मी बाई आहे, डिचोलीतल्या एका फार्मसीच्या काउंटरवर उभी असते, आणि आयुष्यात एक दिवसही कुठे शिकवलेलं नाही. पण माझ्या नंबराला फोटो नव्हता, नावाच्या जागी आडनावाचं एक अक्षर होतं, आणि बाकीचे इंग्रजी अक्षरांत कोकणी लिहीत असताना मी देवनागरीत, मराठीत, पूर्णविराम देऊन लिहायची. तेवढ्यावरून त्यांनी ठरवून टाकलं की हा कुणीतरी निवृत्त मास्तर. मी तसं कधी म्हटलं नव्हतं. कुणी विचारलंही नाही.

ग्रुप अ‍ॅनिमेचा होता. कार्टून म्हटलेलं तिथे कुणाला खपत नसे. एका चॅनेलवर शुक्रवारी उशिरा जपानी मालिकांचे दोन भाग लागायचे आणि शनिवारी अख्खा सिनेमा. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुप जागा व्हायचा. पेडण्याचे, डिचोलीचे, साखळीचे, म्हापशाचे लोक, बहुतेक पंचविशीच्या आतबाहेरचे. चॅनेलने कुठला सीन कापला, मूळ जपानी आवाज बरा की इंग्रजी, खलनायकाचं खरं होतं की नाही, यावर दुपारपर्यंत हाणामारी. एकजण सगळं आधीच इंटरनेटवर बघून यायचा आणि शेवट फोडायचा. त्याला दर महिन्याला ग्रुपमधून काढायचे आणि परत घ्यायचे. मी दुकानात गिऱ्हाईक नसलं की हे सगळं वाचायची आणि एकटीच हसायची.

मला तो नाद लागला तो नवऱ्यामुळे. आमचा खनिजाचा ट्रक होता. खाणी बंद पडल्या तसा तो दारात उभा राहिला. आज सुरू होतील, उद्या सुरू होतील म्हणत काही वर्षं गेली, मग ते मोपाच्या विमानतळावर दुसऱ्याची टॅक्सी चालवायला लागले. उशिराची विमानं त्यांच्याच वाट्याला यायची. ते येईपर्यंत मी माशाचं हुमण आणि भात झाकून टीव्हीसमोर बसायची. एका शनिवारी चॅनेल बदलता बदलता तो सिनेमा लागला आणि मी रिमोट खाली ठेवला. पुढे ते घरी यायचे, जेवायचे, टीव्हीकडे बघून म्हणायचे, "कार्टून बघता गो तू?" आणि झोपायला जायचे. तेवढंच आमचं त्याविषयी बोलणं.

ग्रुप काढला होता पेडण्याच्या एका मुलाने. मोबाइलच्या दुकानात कामाला होता, सव्वीस-सत्तावीसचा असेल. बोलायला गोड. मी काही लिहिलं की त्याचं पहिलं उत्तर यायचं. एकदा त्याने लिहिलं, "सर, तुमी बरयना जाल्यार पिक्चर सोंपलो अशें दिसनाच." तुम्ही लिहिल्याशिवाय सिनेमा संपल्यासारखा वाटत नाही. ते वाक्य मी दुकानात उभी राहून चार-पाचदा वाचलं. मला असं कुणी कधी काही म्हटलं नव्हतं. शाळेत निबंध चांगले होते, कोरगावच्या माहेरी बाबा ते शेजाऱ्यांना वाचून दाखवायचे, पण बारावीनंतर डी. फार्म. झालं, लग्न झालं, आणि लिहायचं म्हणजे औषधाच्या पाकिटावर सकाळ-दुपार-रात्र एवढंच उरलं होतं.

मग तो मिठागराचा सिनेमा लागला. गोष्ट अशी काहीच नव्हती. एका बेटावरचं मिठागर बंद पडलेलं असतं. सगळे लोक शहरात निघून जातात, एक म्हातारा राहतो. तो रोज पहाटे उठून मीठ ओढायचं लाकडी फावडं पुसतो, तेल लावतो, भिंतीला टेकवून ठेवतो. मीठ नाहीच. बाकी दीड तास समुद्र. ग्रुपवर सकाळी सगळे वैतागलेले. कुणी लिहिलं, झोप लागली. कुणी लिहिलं, चॅनेलवाल्यांना वेड लागलंय, फाइट दाखवा.

मी त्या दिवशी लांबलचक लिहिलं. आमच्या दारात एक ट्रक उभा आहे, असं सुरू केलं. आमच्या घरातला एक माणूस दर आयताराला, रविवारी, तो धुतो. चाकं, आरसे, केबिनच्या काचा, सगळं. मग केबिनमध्ये चढून थोडा वेळ स्टिअरिंग धरून बसतो आणि उतरतो. बॅटरी कधीच मेली आहे. शेजारी हसतात. आम्ही घरातले त्याला हाक मारत नाही, कारण त्या वेळी हाक मारली तर तो चोरी पकडल्यासारखा बघतो. ज्याला सिनेमा कळला नाही त्याने डिचोलीच्या वाटेवर एक चक्कर मारावी, असे म्हातारे पुष्कळ दिसतील. असं काहीतरी. घरी हे मी कुणाशी बोलले नव्हते, नवऱ्याशी तर नाहीच.

मग एकेक येत गेला. कुणाच्या बापाचा टिप्पर होता, कुणाचा काका खनिजाच्या बार्जवर होता. त्या दिवशी मारामारी झालीच नाही.

थोड्याच महिन्यांत चॅनेलने जाहीर केलं की तो कार्यक्रम बंद होणार. ग्रुपवर सुतक पडलं. शेवटचा सिनेमा होण्याआधी सगळ्यांनी एकदा भेटू या, असं ठरलं. आयतार दुपार, पेडणे बाजारातलं एक हॉटेल. पेडण्याच्या त्या मुलाने मला वेगळा मेसेज केला: सर, तुम्ही यायलाच हवं, तुमच्यासाठीच ठेवलंय. मी घरी सांगितलं, आईला बघून येते. कोरगावला खरंच गेले, आईकडे जेवले, बरी साडी नेसले आणि बसने पेडण्याला आले.

दोन टेबलं जोडून बारा-तेरा पोरं बसली होती, त्यात दोन मुली. भाजीपावच्या बशा आलेल्या. मी जाऊन उभी राहिले. एकाने मला वाट दिली, त्याला वाटलं मी आतल्या टेबलाकडे चालले आहे.

मी विचारलं, "अ‍ॅनिमेचा ग्रुप हाच ना?"

"हो. तुम्हाला कोण हवंय?"

"मी ग्रुपवर आहे," म्हणून मी ते आडनावाचं अक्षर सांगितलं.

ग्रुप काढणारा मुलगा सरांसाठी दाराकडे बघत म्हणाला, "सर येवंक नात? तुम्ही सरांच्या मिसेस?"

"सर कुणी नाहीत. ते मीच लिहिते."

एकजण फसकन हसला. वाईट हेतूने नसेल, पण हसला. मग खुर्ची आणली गेली. पुढचे दोन तास मी त्या खुर्चीवर बसले. सगळे आदराने वागले, ते अगदी मान्य करते. पाण्याचा ग्लास पुढे केला, पंख्याखालची जागा दिली, आणि आंटी म्हणायला लागले. एका मुलीने विचारलं, "आंटी, तुमच्या मुलाने लावलं काय हे वेड तुम्हाला?"

"मला मूल नाही," मी म्हटलं.

मग त्यांनी आपसात सुरू केलं. शेवटच्या मालिकेत बहिणीने भावाला का मारलं यावर वाद रंगला. मी मध्ये म्हटलं, तिने मारलं नाही, त्यानेच तिच्या हातून ते करवून घेतलं, पहिल्या भागात तो तिला सुरी धरायला शिकवतो ते आठवा. ग्रुपवर हे लिहिलं असतं तर दिवसभर त्यावर चाललं असतं. इथे दोघांनी मान हलवली आणि वाद माझ्या डोक्यावरून पुढे गेला. थोड्या वेळाने शेवट फोडणाऱ्याने नेमकं तेच सांगितलं, तेव्हा सगळे म्हणाले, अरे हो रे! मी पाव भाजीत बुडवून खात बसले. मुलाने माझ्याकडे फारसं पाहिलंच नाही. जणू मी त्याचा एक माणूस मारून त्याच्या जागी येऊन बसले होते.

त्यानंतरही मी ग्रुपवर लिहिलं. खाली नुसते जोडलेले हात यायचे.

दोनेक महिन्यांनी एका संध्याकाळी नवरा लवकर घरी आले. चहा घेताना त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. टॅक्सीवाल्यांच्या ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ पाठवला होता. "हें आयक," म्हणाले. "कुणाचा तरी पोरगा आहे. बापाविषयी सांगतोय."

पडद्यावर तोच मुलगा. मागे हळू बासरी, मधे मधे समुद्राची चित्रं. "आमच्या दारात एक ट्रक उभा आहे," तो म्हणाला. "माझा बाबा दर आयताराला तो धुतो." माझं एकेक वाक्य. चाकं, आरसे, काचा. मेलेली बॅटरी. चोरी पकडल्यासारखं बघणं. ते वाक्य म्हणताना त्याने आवाज कापरा केला आणि एक श्वास थांबला.

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. आमच्या लग्नाला सोळा वर्षं झाली, सासरे गेले तेव्हाही मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. "एवढुसा पोर," ते म्हणाले, "पण कसं ओळखलंय बघ बापाला. आपल्याला वाटतं, कुणाला काही दिसत नाही."

त्या क्षणी मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं, असं नंतर पुष्कळदा वाटलं. पण मला ते जमलं नाही. मी म्हटलं, "त्याच्या बापाचा ट्रक नाही तो. आपला आहे. हे मी लिहिलंय."

ते हसले. मग मी माझा फोन काढून दाखवला. ते वाचत गेले तसा त्यांचा चेहरा बदलत गेला. खाली आलेली उत्तरंही त्यांनी वाचली, कुणाचा टिप्पर, कुणाचा काका. फोन टेबलावर उपडा ठेवला.

"म्हणजे माझं हे सगळं तू गावाला सांगत बसली होतीस?"

"तुमचं नाव कुठे आहे त्यात?"

"नाव कशाला हवं? डिचोलीत कोण ओळखणार नाही?" मग म्हणाले, "मागून बघत असायचीस तर."

"आत्ता तुम्ही रडलात ना ऐकून? तेच शब्द आहेत."

"ते त्या पोराचे होते, तेव्हा," ते म्हणाले, आणि चहा तसाच टाकून उठले.

परक्या पोराने बापावर केलेली माया ती माया, आणि बायकोने लिहिलं की चहाडी. पुढच्या महिन्यात त्यांनी ट्रक भंगारवाल्याला दिला. मी दुकानात असताना. मला विचारलं नाही, सांगितलंही नाही.

मी पेडण्याला त्या मुलाकडे गेले. त्याच्या दुकानात दुपारी कुणी नव्हतं. तो काच पुसत होता. मला बघून म्हणाला, "आंटी, बसा."

"तो व्हिडिओ काढून टाक."

"कित्याक? लोकांना आवडला ना. आपल्या ग्रुपचं नाव झालं."

"ग्रुपचं कुठे? तुझं झालं. आणि तुझ्या बापाचा ट्रक कधी होता?"

"बाबा काजूच्या बागायतीत असतात," तो सरळ म्हणाला. त्याला लाज वाटली असं मला दिसलं नाही. "पण आंटी, 'ग्रुपवरच्या एका बाईने लिहिलंय' म्हणून सांगितलं तर कोण ऐकणार? स्वतःचं म्हणून सांगावं लागतं. आणि ग्रुपवर टाकलं म्हणजे सगळ्यांचंच झालं ते."

"मी सर असते तर घेतलं असतंस असं?"

तो काच पुसायचा थांबला. "सर असते तर त्यांनाच कॅमेऱ्यासमोर बसवलं असतं," म्हणाला. हे त्याने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, असं माझं मत आहे. वर म्हणाला की हवं तर खाली एक ओळ घालतो, एका गृहिणीच्या प्रेरणेने.

मी फार्मसीत वीस वर्षं उभी आहे. गृहिणी!

त्या संध्याकाळी मी सगळं ग्रुपवर मांडलं. माझा मजकूर, त्याची तारीख, त्याचा व्हिडिओ. पहिलं उत्तर शेवट फोडणाऱ्याचं: आंटी, पोरगा आपला आहे, कशाला वाढवता. मग दुसरं, अ‍ॅनिमे गोव्यात पोचतंय हे महत्त्वाचं. तिसऱ्याने झोपलेल्या मांजराचं चित्र टाकलं. ज्यांनी टिप्परचं आणि बार्जचं लिहिलं होतं त्यांनी माझा मजकूर वाचला, तशा निळ्या खुणा मला दिसत होत्या. कुणी बोललं नाही. मी ग्रुपमधून बाहेर पडले.

शनिवारी त्या वेळेला आता चॅनेलवर भांडी विकतात. नवरा आल्यावर जेवतात, मी वाढते. आमचं भांडण असं नाही. आयताराला ते उशिरापर्यंत झोपून असतात.

परवा दुकानात एक मुलगी आली. कॉलेजची असेल. टी-शर्टवर त्या शेवटच्या मालिकेतली बहीण, सुरी धरलेली. तिने तापाच्या गोळ्या मागितल्या. माझ्या ओठांवर आलं होतं, विचारावं हिला, तुला काय वाटतं, खरंच तिनेच मारलं का? ती फोनमध्ये बघत होती.

"पूर्ण पट्टी देऊ की चारच?" मी विचारलं.

"चार पुरेत, आंटी," ती म्हणाली.