नामदेव भाऊजींचं गेलेलं चॅनल

मॅचच्या दिवशी आमची भिंत बोलायची. नामदेव भाऊजींचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच भिंत, तीही अर्ध्या विटेची. पलीकडून रिमोटनं टकटक झाली की समजायचं, चहा पाठवा. टकटक जोरात झाली की समजायचं, माणसं वाढली, चहात पाणी वाढवा. आणि तळहाताची थाप पडली तर आपला कोणीतरी आऊट झालेला असायचा. तेव्हा चहा नेणाऱ्यानं तोंड न उघडता कप ठेवून परत यायचं. ही भाषा काही मी हौसेनं शिकले नव्हते. अमरावतीत हे घर घेताना आमच्या यांनी मला सांगितलं होतं, शेजार चांगला आहे. शेजाराकडं टीव्ही आहे, हे नाही सांगितलं.

भाऊजी एस.टी.च्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. मूळचे हिवरखेडचे, यांचे बालपणीचे दोस्त. अंगानं किडकिडीत, पण आवाज असा की सकाळी "जयभीम वयनी" म्हणाले तर चौकातल्या माणसानं उत्तर द्यावं. जन्मभर चालू इंजिनच्या वरताण बोलायची सवय, दुसरं काय. त्यांची बायको शांता जाऊन बरीच वर्षं झाली. एकच मुलगी माया, ती अकोल्याला दिलेली. तेव्हा घरात हे एकटे, आणि पुढच्या खोलीत ती भलीमोठी सतरंजी, प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत आणि टीव्ही.

त्या खोलीत गल्लीतले पुरुष मॅचला जमायचे, आणि तिथं कायदा भाऊजींचा. मैदानात आपल्या दोघांची जोडी जमली की कोणी जागेवरून हलायचं नाही. जो जसा बसला असेल तसाच बसणार. एकदा माझा भाऊ परतवाड्याहून आला होता. मला भेटायला आला हो, मॅच बघायला नाही. भाऊजींनी त्याला हाताला धरून नेलं आणि मांडी घालून बसवलं. थोड्या वेळानं बिचारा उठायला लागला तर भाऊजींचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात:

"कुठी चालला?"

"जरा बाथरूमले जाऊन येतो, भाऊ."

"धर ना जराशी! दोघं कसे जमले हायेत पाह्य! तुह्यासाठी पार्टनरशिप मोडू काय?"

माझ्या भावाची परतवाड्याची शेवटची जीप हुकली. पुढच्या भाऊबीजेला त्यानं फोन करून आधी विचारलं, "ताई, मॅच नाई ना त्या दिवशी?"

मी चिडायची. कोण नाही चिडणार? चहा माझा, साखर माझी, कप माझे, आणि वर कोणी म्हणालं की चहा फिका आहे तर भाऊजी म्हणणार, "वयनीचं लक्ष नाई आज." एकदा तर मी कपांचा ट्रे त्यांच्या दारात आदळला आणि म्हटलं, "भाऊजी, एकट्यानं बघितली तर दिसत नाही का तुमची मॅच?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "एकट्याले तं भिंत बी दिसते, वयनी. मॅच पाहाले मानसं लागते. आता माह्या घरी येते कोन? मीटर पाहाले लाईटवाला येते, अन् मॅचले गल्ली येते. बाकी दार हाये काय अन् नाई काय."

मी दुसऱ्या दिवसापासून मुकाट्यानं चहा पाठवायला लागले. चिडणं सोडलं नाही, पण पाठवायला लागले.

अशात एका दुपारी मालिकेतली पहिली मॅच सुरू होणार, खोली गच्च भरलेली, आणि टीव्हीवर चित्राऐवजी एक पट्टी आली, की हे चॅनल सध्या आपल्याकडे दिसणार नाही. भाऊजींनी आधी रिमोटचे सेल बदलले. मग टीव्हीला दोन चापट्या मारल्या. मग तडक निघाले ते कोपऱ्यावरच्या गज्जू केबलवाल्याच्या दुकानात. आमच्या यांनी मला मागोमाग पाठवलं, "जा, त्याले काई बोलून बसन तो."

"गज्या, मॅच कुठी गेली?"

"काका, चॅनलवाल्याचं अन् केबल कंपनीचं जमून नाई राहिलं. वरून बंद केलं त्याइनं."

"वरून म्हंजे कुठून? तुह्या छतावरून?"

"मुंबई-दिल्लीवरून, काका. माह्या हातात काई नाई."

"मंग त्याइचं भांडन त्याइनं तथीच करावं ना बाप्पा! आमच्या गल्लीत कावून करून राहिले?"

गज्जूनं नुसते हात जोडले. भाऊजींचं बोलणं मलाही पटलं. पण म्हणून काही मी दुसऱ्या दिवशी उपोषणाला बसले नाही. भाऊजी बसले. गज्जूच्या दुकानासमोर घरची खुर्ची टाकून, डोक्याला पांढरा रुमाल बांधून. आणि माणूस कसा, तर शुगरचा! दुपार व्हायच्या आत मला फोन. "वयनी, भाकर अन् भाजी पाठवजा. झाकून आनजा."

"अहो, उपोषण आहे ना तुमचं?"

"उपोषन गज्यासाठी हाये. शुगरनं काय वाकडं केलं माह्यं?"

मी डबा घेऊन गेले. उन्हातान्हात, हो. तर हे काउंटरच्या मागं बसून जेवताहेत आणि गज्जू त्यांना पाणी ओतून देतोय. ज्याच्याविरुद्ध उपोषण, तोच म्हणतोय, "काका, कांदा देऊ काय?" दोन दिवसांत तर कहर झाला. गज्जू कुणाची तुटलेली वायर जोडायला गेला होता, आणि त्याच्या खुर्चीवर भाऊजी! तक्रार घेऊन येणाऱ्यांना हेच समजावत होते, "वरून बंद हाये, बाई. गज्याची काईच चूक नाई. तुमी घरी जा, मी पाहून राहिलो ना." मी कपाळावर हात मारून घेतला.

इकडं भाऊजी पाहून राहिले होते आणि तिकडं गल्लीनं आपापली सोय करून घेतली. ज्याच्या त्याच्या फोनवर मॅच आली. भाऊजी दार उघडं टाकून बसायचे आणि बाहेर ओट्यावर चौघं-पाचजण एकमेकांना चिकटून बसलेले, पण प्रत्येकाची मान आपल्या फोनमध्ये. भाऊजी त्यांच्यासमोर उभे राहिले. "अबे, हे काय मॅच पाहनं हाये? हे तं डोळे तपासनं हाये!" पोरं हसली. कोणी उठलं नाही.

शेवटी माया अकोल्याहून आली. तिनं कसलासा डबा आणला, इंटरनेट का काय ते जोडलं, आणि टीव्हीवर मॅच दिसायला लागली. भाऊजींनी सगळ्या गल्लीत स्वतः फिरून सांगितलं. लाजेकाजेनं का होईना, माणसं आली. मी चहा टाकला. म्हटलं, चला, सुटलो एकदाचे.

कसले सुटतो! आमच्या मागं एक नाली आहे आणि नालीपलीकडं दुसरी गल्ली. त्या गल्लीचा केबलवाला वेगळा, त्याच्याकडं चॅनल चालूच होतं. आणि हे इंटरनेटचं चित्र थोडं मागून येतं म्हणे. म्हणजे झालं काय, इथं बॉलर अजून धावतच असायचा आणि तिकडून आरडाओरडा यायचा, "गेलाऽऽ!" मग इथं सगळे टीव्हीकडं बघायचे ते, आऊट कसा होतो एवढंच बघायला. आमचे हे तर खिडकीकडंच तोंड करून बसायचे. म्हणायचे, "तिकडं लवकर समजते." एकेक जण उठून जायला लागला. जोडी जमलेली असताना उठून गेले, आणि भाऊजींनी कोणाला अडवलं नाही. तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

इंटरनेटवरच्या दुसऱ्या मॅचच्या मधल्या सुट्टीत भाऊजी माझ्या दारात. "वयनी, चाला माह्यासंगं. पलीकडच्या गल्लीत जाऊ."

"कशाला?"

"त्याइले सांगू, का जरासं थांबून बोंबलत जा. बाईमानूस सोबत असलं का लोकं ऐकते."

मला हसावं की रडावं समजेना. पण गेले. पलीकडं ज्या घरात गर्दी होती, तिथली सून मंदा दारात आली. भाऊजींनी तिला अगदी समजुतीनं सांगितलं, की पोरी, आमची विकेट तुमच्याकडून आधीच येऊन राहिली. तुमी मनात दहा मोजा अन् मंग ओरडा. दहा नाई तं सात मोजा.

मंदा पदर तोंडाला लावून हसायला लागली. "आबाजी, खुशी काय थांबवून ठेवता येते?"

"आमी नाई थांबलो काय इतके दिवस?"

आतून तिचे सासरे म्हणाले, "अजी, मंग तुमीच इकडं या ना! बसा आमच्यासंगं."

साधं, सरळ बोलावणं होतं. जायचं, बसायचं, मॅच बघायची. पण नाही. भाऊजी ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "नाई बाप्पा. माह्या घरी मानसं बसले हायेत."

त्या वेळी त्यांच्या घरी आमचे हे होते. आणि तेही झोपलेले.

पुढं वरच्या लोकांचं वरती जमलं आणि चॅनल परत आलं. सांगायला गज्जू स्वतः धावत आला, बिचारा. भाऊजींनी सतरंजी झटकली, खुर्च्या पुसल्या, मला पोहे करायला लावले. मी परातभर पोहे केले. मॅच सुरू झाली. पलीकडचा आरडाओरडा आता बरोबर वेळेवर येत होता, चित्र आणि आवाज एकाच क्षणी. आणि खोलीत आम्ही दोघं नवरा-बायको, गज्जू आणि ते. गज्जूलाही फोन आला, तो गेला. भाऊजींनी बराच वेळ दाराकडं बघितलं आणि टीव्ही बंद केला. चालू मॅचमध्ये! मी म्हटलं, "अहो, आलं ना आता चॅनल?"

"चॅनल आलं, वयनी. मानसं कुठी आले?"

मला इतका राग आला ना त्या गल्लीचा. आणि भाऊजींचाही. आपल्या पायांनी दुसऱ्याच्या दारी जायचं नाही, आणि दुसऱ्यानं आपल्या दारी यावं म्हणून सगळ्या दुनियेशी भांडायचं. असा कसा हो माणूस? पोहे आम्ही दोन दिवस खाल्ले.

त्याच वर्षी त्यांच्या पायाची जखम चिघळली. माया येऊन त्यांना अकोल्याला घेऊन गेली, कायमचंच. जाताना घराची किल्ली माझ्या हातात दिली. मला वाटलं, झाडायला-पुसायला. तर म्हणतात, "गज्याले सांगतलं मी, कनेक्शन चालू ठेवजो म्हनून. मॅचच्या दिवशी दार उघडजा अन् टीव्ही लावजा."

"कोण येणार आहे, भाऊजी?"

"येईन कोनी."

आता मला सांगा, ज्या बाईला ओव्हर म्हणजे काय हे अजून कळलेलं नाही, तिच्या गळ्यात हे लोढणं! पण पायाला एवढं मोठं बँडेज बांधलेला माणूस गाडीतून हात जोडतोय, त्याला नाही कसं म्हणणार? पुढची मॅच आली तशी मी मेथीची जुडी घेतली, त्यांचं दार उघडलं, टीव्ही लावला आणि निवडत बसले. कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्या मॅचलाही नाही. तिसऱ्या वेळेला दारात मंदा, त्या पलीकडच्या गल्लीतली.

"काकू, इथं सिरियल लागते काय हो? आमच्या घरी सासरे, नवरा, पोरगा, सगळे मॅचवर. रिमोटले हात लावू देत नाई."

मी म्हटलं, "बस बाई. मला तरी कुठं कळते ही मॅच?" चॅनल बदललं. त्यानंतर मंदानं तिच्या जावेला आणलं. आमच्या गल्लीतल्या तिघी आल्या, त्यांच्या सासवा आल्या. मॅचच्या दिवशी घरोघरचे टीव्ही पुरुषांच्या ताब्यात, आणि नालीच्या दोन्ही बाजूंच्या बायका भाऊजींच्या सतरंजीवर. कोणी लसूण सोलतंय, कोणी नातवाला भरवतंय, आणि सगळ्या मिळून सिरियलमधल्या सासूला शिव्या देताहेत. खुर्च्याही पुरेनात.

अशाच एका संध्याकाळी माझा फोन वाजला. अकोल्याहून भाऊजी. पाय काढावा लागला होता त्यांचा, मायानं सांगितलं होतं. मला वाटलं, आवाज खचलेला असेल. तर तोच वर्कशॉपमधला आवाज:

"वयनी! मायाच्या घरची लाईट गेली. स्कोर काय झाला?"

घ्या! आता काय सांगू? टीव्हीवर कोणाचंतरी लग्न मोडत होतं. मी इकडं-तिकडं बघायला लागले, मंदाला खुणेनं म्हटलं, बदल, बदल चॅनल. रिमोट कुणाच्या तरी मांडीखाली. सगळ्या एकदम बोलायला लागल्या, एक पोरगं रडायला लागलं, कोणाच्या हातचा चहा सांडला.

"वयनी?"

"हो भाऊजी, थांबा, सांगते."

"कोन हाये वो तथी? मोठा गलबला होऊन राहिला."

"आहेत हो बायामाणसं. तुमची खोली भरली आहे. बसायला जागा नाही."

मंदाला तेवढ्यात रिमोट सापडला, तिनं मॅच लावली, मी चष्मा नीट करून आकडे वाचायला लागले.

"राहू द्या, वयनी," भाऊजी म्हणाले. "स्कोर राहू द्या. फोन तेवढा बंद नोका करू. ठेवा तसाच चालू, जराशी देर."

मी फोन सतरंजीच्या मधोमध ठेवला आणि बायांना म्हटलं, बोला गं, बोला, गप्प कावून बसल्या?