तोंडात टाचण्या

चादरीची घडी अर्धी झाली होती. दोन टोकं काकांच्या हातात, दोन काकूंच्या. चादर अशी मध्ये ताणलेली असतानाच काकांनी विषय काढला. समोरच्या माणसाचे दोन्ही हात अडकलेले असले की तो अंगावर येत नाही, हा त्यांचा संसारातला जुना अनुभव.

"आज संध्याकाळी तू येऊ नकोस," ते म्हणाले.

काकूंनी आपली टोकं सोडून दिली. चादर फरशीवर लोळली.

"का हो? मी काय केलं?"

"मागच्या वेळी आली होतीस ना. तेच केलंस."

मागच्या वेळी काय झालं ते सांगायला हवं. त्यांच्या वस्तीतल्या वाचनालयाच्या वर एक हॉल आहे. तिथे महिन्यातून एकदा माणसं जमतात आणि एकेक जण उभं राहून आपल्या आयुष्यात घडलेली गोष्ट सांगतो. नियम सोपे. गोष्ट स्वतःची हवी, खरी हवी, हातात कागद नको, आणि घंटा वाजली की खाली बसायचं. ऐकणाऱ्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही. घंटा असते दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. दिवसभर लोकांना "तोंड उघडा" म्हणायचं आणि संध्याकाळी त्याच लोकांना "तोंड बंद ठेवा" म्हणायचं, असं पुण्यकर्म त्या मनापासून करतात.

मंडळी ठरलेली. पोस्टमन दर वेळी त्याच एका कुत्र्याची गोष्ट सांगतो. चावा तेवढा नवा असतो. कोणी शंका घेतली तर तो लगेच विजार वर करून पुरावा दाखवतो, म्हणून कोणी घेत नाही. गणिताचे मास्तर आपल्या जन्मापासून सुरुवात करतात, आणि त्यांना दात यायच्या आत घंटा होते.

काका जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले. काकू घरी शिवणकाम करतात. लांब विजारी आखूड करणं, घट्ट झालेले कपडे सैल करून देणं. देवाने प्रत्येकाला एकेक खोड देऊन खाली पाठवलंय. काकांना फुगवून सांगायची खोड, आणि काकूंना फुगलेल्याला टाचणी लावायची. वस्तीत त्यांना टाचणीकाकू म्हणतात ते काही नुसतं शिवणावरून नाही.

तर मागच्या महिन्यात काका पहिल्यांदाच गोष्ट सांगायला उभे राहिले. गोष्ट त्यांच्या दोघांच्या पहिल्या भेटीची, लिफ्टमधली. "मंगळवार होता," असं म्हणाले मात्र, पहिल्या रांगेतून काकूंचा आवाज आला, "बुधवार." पुढे मजला चुकला, मग ऊन-पाऊस चुकला, मग काकांच्या शर्टाचा रंगसुद्धा चुकला. डॉक्टरीणबाईंनी डोळे वटारले, पण काकूंना दिसलेच नाहीत. त्या काकांकडे बघत होत्या. शेवटी घंटा वाजली तेव्हा गोष्टीतल्या काकू लिफ्टमध्येच अडकलेल्या होत्या.

महिनाभर अडकून राहिल्या. पोस्टमन रस्त्यात भेटला की विचारायचा, "काका, सुटल्या का हो काकू?"

काकांनी ते मनाला लावून घेतलं. घरात बोलणंच टाकलं. जेवायचे, पेपर वाचायचे, झोपायचे. आधी काकूंना वाटलं, चला, कानांना विश्रांती. पण चार दिवसांत त्यांना करमेना. माणूस बोललाच नाही तर दुरुस्त काय करायचं? एका गुरुवारी त्या मुद्दाम म्हणाल्या, "आज सोमवार ना हो?" काका पेपरातून मान वर न करता म्हणाले, "असेल."

काकूंना ते "असेल" भांडणापेक्षा वाईट वाटलं. आणि आता काकांनी जाहीर केलं होतं, की आजही गोष्ट पुरी झाली नाही तर पुन्हा जन्मात कुणाला काही सांगायचं नाही.

"मी एक अक्षर बोलणार नाही," काकू म्हणाल्या. "देवाशप्पथ."

"देवाला कशाला मध्ये घालतेस? त्याला आधीच पुष्कळ कामं आहेत."

"मग तुमची शप्पथ."

"माझ्या जिवावर उठू नकोस!" काका म्हणाले, पण त्याचा अर्थ 'बरं, ये' असाच. ते दाढी करायला गेले आणि चादर फरशीवरच राहिली.

काकू देवासमोर उभ्या राहिल्या. "देवा, एका संध्याकाळपुरती माझी जीभ तुझ्याकडे ठेवून घे," असं त्यांनी मागितलं. देव असल्या वस्तू ठेवून घेत नाही. पण तो युक्ती सुचवतो. हात जोडून वळल्या तर शिवणयंत्रावर टाचण्यांची डबी. काकू कापड टाचायला बसल्या की टाचण्या ओठांत धरतात, आणि घरात शांतता असते ती तेवढाच वेळ. गिऱ्हाईकांनाही ठाऊक आहे: जे काय विचारायचं ते टाचणीच्या आधी विचारून घ्या. काकूंनी डबी पिशवीत टाकली.

हॉलमध्ये मंडळी जमली होती. काका पुढे आले तशा काकूंनी डबीत होत्या तेवढ्या टाचण्या काढल्या आणि ओठांत ओळीने धरल्या. शेजारी बसलेला पोस्टमन खुर्चीसकट थोडा सरकला. त्याला चावण्याचा अनुभव होता.

"मंगळवार होता," काकांनी सुरुवात केली आणि थांबले. सवयच ती. शांतता. "बाजारातली घड्याळाची इमारत आहे ना, तिथे लिफ्ट अडकल्याचा निरोप आला. मी तेव्हा कामावर नवीन. लिफ्ट अडकली होती सातव्या मजल्यावर."

पुन्हा थांबले. इतकी वर्षं या वाक्यापाठोपाठ "तिसऱ्या!" यायचंच. आज काही आलं नाही. काकूंच्या ओठांवर टाचण्यांची रंगीत टोकं नुसती चमकत होती.

"सातव्या कसली," काका म्हणाले, "नवव्या!"

तेही खपलं. काकांना हलकं हलकं वाटायला लागलं. मग लिफ्टमध्ये दहा माणसं आली. बाहेर वादळ सुटलं. इमारत डोलायला लागली. तार तटातट तुटत होती आणि काका एका हाताने लिफ्ट धरून लोंबकळत होते, तेही चौदाव्या मजल्यावर. फुगा वर वर चालला होता आणि दोरी कुणाच्याच हातात नव्हती.

मास्तरांची खुर्ची करकरली. "माफ करा," ते म्हणाले, "पण ती इमारत चार मजली आहे. मी तिथे शिकवण्या घ्यायचो."

हॉलमध्ये कुजबुज झाली. खोटी गोष्ट तिथे चालत नाही. डॉक्टरीणबाईंचा हात घंटेकडे गेला. जन्मभर लोकांना लिफ्टमधून सोडवणारा माणूस चार मजली इमारतीच्या चौदाव्या मजल्यावर अडकला, आणि खाली यायला जिना नाही!

त्यांनी काकूंकडे पाहिलं. "अगं, बोल की!"

काकूंच्या तोंडात शब्द अगदी टाचण्यांपर्यंत आला होता. पण शप्पथ ती शप्पथ. त्यांनी हात वर केला आणि तीन बोटं दाखवली.

"तिसऱ्या," काका म्हणाले. घंटेवरचा हात थांबला. "तिसऱ्या मजल्याच्या जरा खाली अडकली होती. वादळ..."

काकूंनी मान हलवली.

"वादळ नव्हतं. चांगलं ऊन होतं. आत दहा माणसं..."

एक बोट.

"एक बाई होती. आणि एक शिवणकामाचा पुतळा, झालरीचा पोशाख घातलेला." आता गाडी रुळावर आली. सगळा हॉल एकदा काकांकडे, एकदा काकूंकडे, अशा माना वळवत होता. "लिफ्टमध्ये दिवा मिणमिणत होता. मला फटीतून फक्त पोशाख दिसला. मी म्हटलं, 'ताई, घाबरू नका.' ताई हलल्यासुद्धा नाहीत. वा, म्हटलं, काय धीराची बाई! मग काम करता करता मी तिला सगळं सांगितलं. माझं शिक्षण, आईचा गुडघा, माझा पगार..."

काकूंनी दोन्ही तळवे हवेत लांब धरले आणि हळूहळू जवळ आणले.

"बरं, बरं! पगार जरा वाढवून सांगितला. ती 'हो' नाही की 'नाही' नाही. दार उघडलं तेव्हा कळलं, मी पुतळ्याशी बोलत होतो! आणि पुतळ्यामागे ही बसली होती, खाली, झालर टाचत. लिफ्ट अडकली म्हणून हिने काम थांबवलं नव्हतं. सगळं ऐकून घेतलं आणि चकार शब्द काढला नाही. मी मनात म्हटलं, एवढी शांत बायको दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही. आठवड्यात मागणी घातली. लग्न झालं." काकांनी श्वास घेतला. "लग्नानंतर कळलं, त्या दिवशी हिच्या तोंडात टाचण्या होत्या."

सगळ्या माना काकूंकडे वळल्या. टाचण्या तिथेच होत्या.

हॉल असा हसला की घंटा वाजलेली कुणाला ऐकूच आली नाही. मास्तर चष्मा पुसत होते. आणि मग काकूंनाच हसू फुटलं. टाचण्या फुर्रकन उडाल्या आणि खुर्च्यांखाली पसरल्या. "कुणी हलू नका!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. सगळी मंडळी गुडघ्यांवर आली. पोस्टमनला एक टाचणी हाताने न शोधताच सापडली; पुढच्या महिन्यात त्याच्याकडे कुत्र्याशिवाय दुसरी गोष्ट असणार.

"गिळली नाही ना एखादी? तोंड उघडा," डॉक्टरीणबाई काकूंना म्हणाल्या आणि बॅटरी लावून आत डोकावल्या. "आ करा. अजून. छान. एकही नाही. आता बोललात तरी चालेल."

काकूंनी तोंड मिटलं, आवंढा गिळला आणि म्हणाल्या, "बुधवार."

"मंगळवार!" काका तिकडून ओरडले.

"बुधवार. त्या पोशाखाच्या बाईने दुसऱ्या दिवशी, गुरुवारी न्यायला येते म्हटलं होतं."

जिना उतरताना, रस्त्यात, कुलूप उघडताना, हेच चाललं होतं. घरात चादर फरशीवर तशीच पडलेली. काकांनी दोन टोकं उचलली, काकूंनी दोन.

"काय गर्दी होती!" काका म्हणाले. "पाचशे माणसं असतील."

"चाळीस."

"दारापर्यंत उभी होती!"

"खुर्च्या रिकाम्या होत्या मागे. नीट धरा, टोक सुटतंय."

घडी झाली. काकूंनी पिशवीतून डबी काढून हलवून पाहिली. एवढ्या जणांनी शोधूनही तळाशी दोन-तीनच टाचण्या वाजल्या, त्याही वाकड्या. पोस्टमनची कुत्र्याने फाडलेली विजार उद्या द्यायची होती. सकाळी दुकान उघडलं की काकूंना टाचण्यांची नवी डबी आणायला जायचं होतं.